निष्ठेचा धनी कोण?

ज्या सद्गुणांची स्तुती ऐकताना सहसा कोणी उलट प्रश्न विचारीत नाही, अशांपैकी निष्ठा हा एक आहे. सत्य बोलावे असे म्हटले, तर कोणत्या प्रसंगी आणि कोणापाशी, असा वाद लगेच निघतो. दान करावे म्हटले, तर पात्रापात्रविचार सुरू होतो. परंतु अमुक मनुष्य निष्ठावंत आहे एवढे म्हटले, की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलू लागते. ही निष्ठा कोणावर, ती कोणी मागितली आणि तिच्या मोबदल्यात मागणाऱ्याने काय दिले, हे विचारणे म्हणजे जणू निष्ठेचाच अवमान, अशी आपली समजूत झालेली असते. घरात, शाळेत, कचेरीत ही समजूत फारशी महाग पडत नाही. ती खरोखर महाग पडते रणांगणावर. कारण तेथे निष्ठेचे मोल प्राणांनी चुकवावे लागते, आणि ते चुकविणारे बहुधा अठरा-वीस वर्षांचे असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार एका युद्धकादंबरीच्या आधाराने करावा, असे आम्ही योजिले आहे.

कादंबरी वाचकांच्या परिचयाची आहे. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची ही कृती १९२८ च्या अखेरीस बर्लिनच्या एका वृत्तपत्रात क्रमशः आली आणि १९२९ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या नावाने निघाले आणि बहुतेक मराठी वाचकांनी ती त्याच रूपात वाचली. १९३० मध्ये अमेरिकेत व २०२२ मध्ये खुद्द जर्मनीत तिच्यावर गाजलेले चित्रपट निघाले. मूळ जर्मन नावाचा अर्थ ‘पश्चिमेस नवीन काही नाही’ असा आहे, आणि त्यातील उपरोध शेवटच्या पानावर उमगतो. लेखक १८९८ साली जन्मला, १९१६ मध्ये सक्तीने सैन्यात भरती झाला आणि १९१७ मध्ये आघाडीवर जखमी झाला. म्हणजे जे त्याने लिहिले ते आरामखुर्चीत बसून कल्पिलेले नव्हे.

कथेचा आरंभ, खरे पाहता, खंदकात होत नाही. शाळेच्या वर्गात होतो. कान्टोरेक नावाचे एक गुरुजी आहेत. कवायतीच्या तासाला ते मुलांस स्वदेशाविषयी लांबलचक व्याख्याने देतात, आणि अखेर सगळा वर्ग त्यांच्यामागून भरतीच्या कचेरीत जाऊन नावे नोंदवितो. एकटा बेम तेवढा कचरतो. तो लठ्ठसा, घरकोंबडा मुलगा आहे. त्यास जावयाचे नाही. पण त्या दिवसांत भित्रा हा शब्द आईबापांच्याही जिभेवर तयार होता, म्हणून तोही जातो. आणि पहिल्या काही बळींत त्याचाच क्रम लागतो. एका हल्ल्यात त्याच्या डोळ्यास गोळी लागते. सोबती त्यास मेला समजून मागे सोडतात. दुपारी तो आंधळा होऊन, वेदनेने भान हरपून, दोन फळ्यांमधील मोकळ्या जमिनीत रांगताना दिसतो, आणि कोणी त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या आत पुन्हा गोळी लागून पडतो.

हे वाचताना आम्हांस अभिमन्यूची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. त्याचेही वय कोवळे होते. चक्रव्यूहात शिरावे कसे एवढेच त्यास ठाऊक होते, बाहेर पडावे कसे हे ठाऊक नव्हते. आणि हे त्याने वडील मंडळींस स्पष्ट सांगितले होते. तू वाट फोड, आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो, असे आश्वासन त्यास मिळाले. वडील मंडळी खरोखर निघालीही. जयद्रथाने त्यांस अडविले. येथे दोन कथांमधील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. धर्मराजाने मुलास पुढे घातले हे खरे. परंतु तो स्वतः त्याच रणांगणावर उभा होता, त्याच्या मागून जाण्यासाठी झुंजला, आणि मुलगा पडल्यावर त्याचा दोष त्याने स्वतःकडे घेऊन आक्रोश केला. कान्टोरेक गुरुजी मात्र वर्गात राहिले. त्यांनी मुलांस व्यूहाचे दार दाखविले आणि ते पुढच्या तासाकडे वळले.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की जो स्वतः जाऊ शकत नाही त्याने दुसऱ्यास कर्तव्याची जाणीवही देऊ नये काय? वृद्धाने, स्त्रीने, शिक्षकाने देशरक्षणाविषयी बोलूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. बोलण्याचा अधिकार सर्वांस आहे. परंतु ज्याच्या शब्दाने दुसरा मरावयास जातो, त्याच्यावर दोन ऋणे चढतात: जे सांगावयाचे ते पूर्ण चौकशी करून सांगणे, हे पहिले, आणि परिणामाचा काही वाटा स्वतः उचलणे, हे दुसरे. कान्टोरेकचा अपराध तो लढला नाही हा नव्हे. युद्ध म्हणजे काय हे त्यास ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्याच्या आवाजात तो बोलला, हा त्याचा अपराध. पुढे त्यासही राखीव दलात ओढले जाते आणि त्याचाच एक जुना विद्यार्थी त्यास कवायतीच्या मैदानावर घाम फोडतो. तो प्रसंग वाचून हसू येते; पण बेम त्याने परत येत नाही. सूड उगवला म्हणजे जबाबदारी चुकती झाली, असे नव्हे.

गुरुजींच्या पाठोपाठ येतो हिमेलश्टोस. शांततेच्या काळात हा टपालवाला होता. युद्धाने त्याच्या अंगावर हुद्द्याचा गणवेश चढविला आणि त्याच्यातील क्षुद्रपणास मोकळे रान मिळाले. तो मुलांकडून एकच बिछाना पुन्हा पुन्हा घालून घेतो, त्यांस चिखलात लोळवितो, आणि त्यास शिस्त म्हणतो. लेखकाचा प्रामाणिकपणा असा की, या छळाने मुले निबर झाली, आणि निबर झाली नसती तर खंदकात त्यांस वेड लागले असते, हेही तो मान्य करतो. तेव्हा शिस्त निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. परंतु हुद्दा आणि नेतृत्व या दोन वस्तू भिन्न आहेत. हुद्द्यास सलाम मिळतो तो गणवेशामुळे. अंधार पडताच तीच मुले हिमेलश्टोसच्या डोक्यावर पलंगपोस टाकून त्यास बडवितात. आणि तोच मनुष्य पुढे आघाडीवर येतो तेव्हा पहिल्याच हल्ल्यात लहानशा ओरखड्याचे निमित्त करून आडोशास दडून बसतो.

मग खरा नेता कोणता? कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात त्याचे उत्तर आहे. दीडशे माणसांची तुकडी आघाडीवर गेली होती. शेवटच्या दिवशी शत्रूच्या तोफांनी अचानक भाजून काढल्यामुळे ऐंशीच परतली. आचाऱ्याने मात्र दीडशेंचे जेवण रांधून ठेवले आहे, आणि ऐंशींस ऐंशींचेच वाढीन असा त्याचा हट्ट आहे. भांडण पेटते. इतक्यात तुकडीचा नायक लेफ्टनंट बर्टिंक तेथून जातो, काय झाले ते विचारतो, हंड्यात डोकावतो, सगळे वाढून टाकण्यास सांगतो, आणि जाता जाता स्वतःसाठीही त्यातलीच एक थाळी मागवितो. एवढाच प्रसंग. त्यात व्याख्यान नाही, पराक्रम नाही. परंतु जो आपल्या माणसांच्या हंड्यातले अन्न खातो त्याचा हुकूम त्यांस परका वाटत नाही. पुढे हाच बर्टिंक, ज्वालायंत्र घेऊन चालून येणाऱ्या शत्रूस थोपविण्यासाठी आडोशातून बाहेर सरकतो, छातीत गोळी शिरली असताही नेम धरतो, आणि आपल्या माणसांस वाचवून मरतो.

दुसरा नेता काट्चिन्स्की. त्यास हुद्दा नाही म्हटले तरी चालेल. तो चाळिशीचा, धंद्याने चांभार. वर्गातल्या मुलांनी पुस्तके वाचली, तर याने जग वाचलेले. उजाड गावात पाव कोठे मिळेल, गोळा कोणत्या आवाजाने येत आहे, नवा पोर कोणत्या क्षणी भिऊन उठून पळेल, हे त्यास कळते. आणि जे कळते ते तो सर्वांसाठी वापरतो. शिकलेली मुले या चांभाराच्या मागे निमूटपणे जातात. विद्या आणि अधिकार यांविषयी आपल्या मध्यमवर्गाच्या ज्या कल्पना आहेत, त्यांस हे एक चांगले औषध आहे. शेवटी काट् जखमी होतो. पॉल बॉयमर, म्हणजे कथेचा निवेदक, त्यास पाठीवर घेऊन धापा टाकीत मलमपट्टीच्या ठाण्यापर्यंत आणतो. तेथे कळते की वाटेतच एक बारीकसा तुकडा काट्च्या डोक्यात शिरला आणि आपण प्रेत वाहून आणले. तेथील शिपाई विचारतो, हा तुझा नातेवाईक काय? पॉलला नाही म्हणावे लागते. नात्यांच्या जुन्या यादीत या नात्यास नावच नाही.

एवढ्यावरून कोणी असा सिद्धांत काढील, की जो सोबत्यांचा धोका वाटून घेतो तोच निष्ठेचा धनी, आणि प्रश्न मिटला. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु विचारान्ती हा सिद्धांत अपुरा ठरतो. दरोडेखोरांचा नाईकही साथीदारांच्या पुढे चालतो आणि लूट सारखी वाटतो. म्हणून दरोडा धर्म्य होत नाही. धोका वाटून घेतल्याने हुकूम देण्याचा अधिकार येतो. हुकूम योग्य असल्याचा पुरावा त्याने मिळत नाही. बर्टिंक थोर होता. पण ज्या भूमीवर तो आणि त्याची मुले मेली ती त्यांची नव्हती. जर्मन सैन्य फ्रान्स व बेल्जियममध्ये शिरलेले होते. आणि या कादंबरीत आम्हांस एक उणीव भासते ती हीच. तीत शिपायाचे दुःख इतके जवळून दिसते, की ज्यांची गावे उद्ध्वस्त झाली त्यांचे तोंड फारसे दिसतच नाही. मुले परस्परांशी युद्ध कोणी सुरू केले याविषयी थोडे बोलतात, थोडी थट्टा करतात, आणि विषय सोडून देतात. त्यांस तो सोडून देणे भाग होते. लेखकास भाग नव्हते.

तथापि ज्या एका प्रसंगात ही उणीव भरून निघते, तोच या कादंबरीचा गाभा होय. दोन्ही फळ्यांमधील जमिनीत पॉल एका खड्ड्यात अडकतो. एक फ्रेंच शिपाई त्याच खड्ड्यात कोसळतो, आणि भयाच्या झटक्यात पॉल त्यास भोसकतो. तो मनुष्य लवकर मरत नाही. तासामागून तास पॉलला त्याच्या शेजारी बसून राहावे लागते. तो त्यास पाणी पाजतो, जखम बांधतो. मेल्यावर त्याच्या खिशातील कागद पाहतो: नाव जेरार द्युव्हाल, धंदा छापखान्यात जुळाऱ्याचा, घरी बायको आणि लहान मुलगी. तेव्हा पॉल त्या प्रेतापाशी वचन देतो की, मी वाचलो तर ज्या गोष्टीने आपणां दोघांचा घात केला तिच्याविरुद्ध लढेन.

पुढे काय होते? तो आपल्या सोबत्यांत परत येतो आणि न राहवून सर्व सांगतो. सोबती त्याच्यावर जीव टाकणारे आहेत. ते त्याची समजूत घालतात. तुझा इलाज नव्हता म्हणतात. पलीकडे एक नेमबाज टिपून टिपून माणसे मारीत आहे आणि त्याचे कौतुक होत आहे, ते दाखवितात. थोड्याच वेळात पॉललाही वाटते की आपण काल भलतेच बरळलो. वचन हवेत विरून जाते.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करितो. त्या सोबत्यांनी वाईट काय केले? काहीच नाही. मित्राने मित्राचे मन सावरावे याहून नैसर्गिक ते काय? त्यांनी ते केले नसते, तर पॉल कदाचित दुसऱ्या दिवशी वेडाच्या भरात मेला असता. पण त्याच मायेने त्याच्या विवेकबुद्धीचा तोंडावर आलेला शब्द दाबून टाकला. ज्या निष्ठेने तो माणूस राहिला, तिनेच त्यास पुन्हा बंदूक हाती घेण्याजोगा केला. सेनापतींस सैनिकांच्या देशभक्तीची जितकी गरज असते, तितकीच, किंबहुना अधिक, या सोबत्यांच्या प्रेमाची असते; कारण देशासाठी लढण्याचा उत्साह पहिल्या पावसात विझतो, आणि शेजारच्या खंदकातील मित्रास सोडून जाववत नाही म्हणून शिपाई आणखी चार वर्षे लढतो. हे प्रेम खरे आहे, पवित्र आहे. आणि त्याचा उपयोग दुसरेच कोणी करून घेत आहे. भीष्मांची हस्तिनापुराच्या गादीवरील निष्ठा, कर्णाची दुर्योधनाशी मैत्री, या दोहोंविषयी आपल्या मनात आदर आहे. परंतु या दोन थोर निष्ठांच्या बळावर दुर्योधनाचा अन्याय किती दिवस उभा राहिला, हेही व्यासांनी आपल्यापासून लपविलेले नाही.

मग शिपायाने करावे तरी काय? प्रत्येकजण खंदकात विचार करीत बसला, तर सैन्य टिकणार नाही आणि दुर्बळ देशाचे रक्षणही होणार नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे उत्तर असे की, प्रश्न विचारण्याची वेळ युद्धापूर्वीची आहे. अर्जुनाने प्रश्न विचारला तो शस्त्रपात होण्यापूर्वी, दोन्ही सेनांच्या मध्ये रथ उभा करवून. आणि विशेष हे की, त्याच्या प्रश्नास कोणी भ्याडपणा म्हणून नुसते झिडकारून मोकळे झाले नाही. त्यास अठरा अध्यायांचे उत्तर मिळाले, आणि शेवटचा निर्णय त्याच्याच विचारावर सोपविला गेला. बेमलाही एक प्रश्न होता. त्यास कोणी अर्धा अध्यायही सांगितला नाही. त्यास एक शिवी दाखविली. खंदकातील मुलाजवळ रथ नाही, सारथी नाही, वेळही नाही. तेव्हा त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याचे कर्तव्य ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांच्याकडे येते. म्हणजे शिक्षकांकडे, आईबापांकडे, संपादकांकडे, मंत्र्यांकडे. पॉल रजेवर घरी येतो तेव्हा या मंडळींची गाठ पडते. एक शाळाप्रमुख त्यास टेबलाशी बसवून, बेल्जियम सगळा, फ्रान्सचा कोळशाचा मुलूख आणि रशियाचा एक लचका आपण घेतलाच पाहिजे, असे समजावून सांगतो. आघाडीवरून आलेल्या मुलाने काय पाहिले, हे तो विचारीत नाही.

ही गोष्ट परदेशची म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे सहाव्या पूना डिव्हिजनला वेढा पडला होता. त्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नान्नदशा होऊन सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. शिपायांस वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि उपासमार, आजार व मारहाण यांनी हजारो मेले. त्यांचे सेनापती जनरल टाउनशेंड यांनी मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखवस्तू कैदेत दिवस काढले, आणि कैदेत असतानाच १९१७ मध्ये त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. शिपायांचे हाल करणारे कैद करणारे होते, हे खरे. परंतु बर्टिंकने हंड्यातली थाळी मागविली तो प्रसंग आठवून हा इतिहास वाचला, म्हणजे नेतृत्वाचा हिशेब कोठे चुकला हे सांगावे लागत नाही.

या कादंबरीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १० मे १९३३ रोजी जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्यांत ही कादंबरी जाळली गेली. आरोप असा की, तिने महायुद्धातील शिपायांचा विश्वासघात केला. आणि होळी रचणारे कोण? विद्यार्थ्यांच्या संघटना. ज्या मुलांची ही कथा, त्यांच्या धाकट्या भावांनी ती आगीत टाकली. कान्टोरेकचा वर्ग पुन्हा भरला होता. विचित्र हे की, या पुस्तकात बेइमान मनुष्य शोधूनही सापडत नाही. एकटा डेटेरिंग नावाचा शेतकरी, फुललेले झाड पाहून घराच्या आठवणीने निघून जातो आणि पकडला जातो. बाकी बहुतेक जागच्या जागी मरतात. निष्ठावंतांची कथाच द्रोह ठरली, कारण तिने निष्ठेच्या धन्याचे नाव विचारले होते. लेखकाचे नागरिकत्व १९३८ मध्ये काढून घेतले गेले. आणि तो हाती लागला नाही, पण त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे हाती लागली. युद्ध आपण हरलो आहोत असे बोलल्याबद्दल तिला १९४३ च्या डिसेंबरात मृत्युदंड देण्यात आला.

शेवटी एका आईचा उल्लेख करून हा लेख संपवितो. वर्गातला केमरिख रुग्णालयात पाय कापला जाऊन हळूहळू, यातनेने मरतो. पॉल त्याच्या उशाशी असतो. पुढे रजेवर असताना पॉल त्याच्या आईस भेटतो आणि सांगतो की तो तत्काळ गेला, त्यास काहीच जाणवले नाही. तिला ते पटत नाही. ती त्यास शपथ घालते. पॉल शपथ घेतो. त्या खोट्या शपथेबद्दल आम्ही पॉलला दोष देणार नाही. त्याच्या जागी आम्हीही तेच केले असते. परंतु त्या माउलीने जो प्रश्न मुलगा गेल्यावर आग्रहाने विचारला, तो मुलगा भरतीच्या कचेरीकडे निघाला तेव्हा कोणी तरी तितक्याच आग्रहाने गुरुजींस विचारावयास हवा होता. पॉल स्वतः १९१८ च्या ऑक्टोबरात पडतो. तहास जेमतेम महिना उरला होता. त्या दिवशी आघाडी इतकी शांत होती, की सैन्याच्या वृत्तात लिहिण्याजोगे काही नव्हते. घरोघरी ते वृत्त वाचले गेले असेल आणि वाचणाऱ्यांस समाधान वाटले असेल.